नक्कल तयार झाली तो दिवस

९ जानेवारी

ताई,

सहा वर्षांनी तुला पत्र लिहितेय, आणि त्यात खुशाली विचारणार नाही. ती मला आईकडून कळते. एकच प्रश्न आहे. आमच्या समितीला आलेलं ते निनावी टिपण तू पाठवलंस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. साक्षीदाराला तुम्ही असंच विचारता ना?

कसली समिती ते आईने तुला सांगितलं असेलच. तरी लिहिते, म्हणजे 'मला काय माहीत' म्हणायला जागा नको. आमच्या कॉलेजात शाळा संपल्यावर थेट घेता येईल अशी पाच वर्षांची कायद्याची पदवी सुरू व्हायची आहे. मुलं बाहेर पडतील तेव्हा कामाला तयार असली पाहिजेत, असा प्राचार्यांचा हुकूम. अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीची मी अध्यक्ष. बाकी तिघं म्हणजे स्वतः प्राचार्य, एक निवृत्त न्यायाधीश आणि एका बड्या वकिली कंपनीचे भागीदार. या भागीदारांना मी मनातल्या मनात टायवाले म्हणते, कारण कितीही उकडलं तरी त्यांच्या गळ्याची गाठ सैल होत नाही. त्यांना समितीत कुणी आणलं आणि का, ते मी अजून शोधतेय.

मसुदा माझा आहे. तेवीस वर्षं शिकवल्यावर तो दुसऱ्या कुणाचा असणार? पन्नास विषय, प्रत्येकाखाली पुस्तकांची यादी. सगळे खूश होते. मग सोमवारी टपालात ते पाकीट आलं. आत टंकलेली पानं, सही नाही, पत्ता नाही. मथळा असा: 'पदवी घेतलेल्या मुलीला पहिल्या दिवशी काय येत नाही.'

मुलीला. विद्यार्थ्याला नाही, उमेदवाराला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खाली यादी. प्रतिज्ञापत्रावर शिक्का कुणापुढे घ्यायचा ते येत नाही. नाव पुकारल्यावर कुठे उभं राहायचं ते येत नाही. अशील रडायला लागलं तर त्याला रडू द्यायचं की कागद मागायचे, ते येत नाही. आणि तिसऱ्या पानावर, 'उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी आखलेली पदवी अशीच असणार.'

मला नोकरी लागली त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस ते आठव. 'चला, एक बहीण शेळ्या राखणार आणि दुसरी उंटावरून हाकणार.' आई हसली होती. मीही हसले होते. हे वाक्य आपल्या घराबाहेर कसं गेलं?

सहावं पान तर उघड उघड तुझं आहे. अपिलाची तीस दिवसांची मुदत मोजताना, निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला गेलेले दिवस वजा करतात. पण वजा करायचे ते नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस. ती आपण हातात घेईपर्यंतचे नव्हेत. हा फरक कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, असं तिथे लिहिलंय.

याच फरकावर तू माझ्या विद्यार्थिनीला चीत केलंस, ताई. पदक मिळवलेली पोर, वकिलीचं पहिलं वर्ष, पहिलंच मोठं प्रकरण. तिची अशील म्हणजे त्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांचं दुकान आणि मागची राहायची खोली घरमालकाला हवी होती, आणि घरमालकाची वकील तू. अपील चार दिवस उशिरा दाखल झालंय, एवढंच तू उठून सांगितलंस आणि बसलीस. बाई आठवड्यात रस्त्यावर आल्या. पोरीची सनद दोन वर्षं गेली. आणि तू वर्षभरात आईला घेऊन त्या दुसऱ्या शहरात, मोठ्या कोर्टात गेलीस.

तेव्हा पोट भरलं नाही, म्हणून आता माझी पदवीही हवी आहे का?

हो किंवा नाही.

धाकटी

२१ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'नाही. आईच्या गुडघ्याचं औषध बदललंय, पायऱ्या चढते आता.' संपलं. कार्डच का? पाकीट महाग झालंय की टपालवाल्यानेही वाचावं अशी इच्छा होती?

'नाही' यावर माझा विश्वास नाही. तुझ्या 'नाही'चे किती प्रकार असतात ते लहानपणापासून बघतेय. माझी शाई सांडली तेव्हाही तू 'नाही'च म्हणाली होतीस, आणि ती खरंच तू सांडली नव्हतीस, पण कुणी सांडली ते तुला माहीत होतं. म्हणून आता प्रश्न बदलते. तू लिहिलं नसशील, पण कुणी लिहिलं ते तुला ठाऊक आहे का?

काल बैठक झाली. प्राचार्यांच्या खोलीत, लांब टेबलाशी, पंखा कुरकुरत होता. मी टिपणाच्या प्रती वाटल्या. माझा बेत असा होता, की दोन मिनिटांत 'कुणीतरी वैफल्यग्रस्त माणूस' म्हणून विषय संपवायचा. पण न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता ते हसायला लागले. कुत्सित नाही, ओळखीचं हसू.

"प्राचार्य," ते म्हणाले, "नक्कल कधी तयार झाली, ते कुठे लिहिलेलं असतं?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायवाल्यांकडे पाहिलं. टायवाले पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पीत राहिले.

"शेवटच्या पानाच्या मागे," न्यायाधीश म्हणाले. "छोटा शिक्का असतो, तीन तारखांचा. अर्ज केला ती, तयार झाली ती, नेली ती. कायदा शिकलेली चार माणसं आहोत इथे, आणि पान उलटून बघितलेलं मी एकटा."

मग ते परत वाचू लागले आणि थांबले.

"सहाव्या पानानंतर एकदम आठवं. सातवं कुठाय?"

"मूळ टिपणातच नाही," मी म्हटलं. "पाठवणाऱ्याकडून राहिलं असेल."

ते मान डोलावून पुढे गेले. टायवाल्यांनी मात्र पेल्याच्या कडेवरून माझ्याकडे पाहिलं. तो माणूस सहजासहजी काही सोडत नाही. त्यांचं आणि प्राचार्यांचं आधीच काही ठरलंय, असा मला दाट संशय आहे. जिन्यात दोघं बोलत होते आणि मला पाहून गप्प झाले. माझा मसुदा बाजूला सारून कंपन्यांचे करार शिकवणारी पदवी आणायची असेल, तर असं टिपण त्यांनाच सोयीचं.

तुला हे का सांगतेय? दुसऱ्या कुणाला सांगणार! सातवं पान माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते मी अगदी सहज काढून घेतलं, ही गोष्ट मला आवडलेली नाही.

त्यात काय आहे ते विचारू नकोस. माझ्या प्रश्नाचं उत्तर दे.

धाकटी

६ फेब्रुवारी

ताई,

या वेळी पाकीट पाठवलंस. आत चारच ओळी, पण त्यांनी मला आठवडाभर झोपू दिलं नाही.

'मी लिहिलं असतं तर सही केली असती, हे तुला माहीत आहे. सही कोण करत नाही? ज्याची नोकरी जाऊ शकते तो. सहावं पान लिहिणाऱ्याने शिक्का बघितलेला नाही, मारलेला आहे. न्यायालयाच्या खिडकीवर जाऊन बघ.'

आधी वाटलं, तू मला मुद्दाम तिकडे पाठवतेयस. सापळा असेल. तेवीस वर्षांत मी न्यायालयात कितीदा गेले ते तुला माहीतच आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तू रोज चढतेस, आणि मी न चढता ती कशी चढावी ते शिकवते. दोघींतली शहाणी कोण ते आईला अजून ठरवता आलेलं नाही.

मंगळवारी सुट्टी टाकून गेले. तळमजल्यावर लांब बोळ आहे, त्यात एका ओळीत खिडक्या. जाळी, जाळीखाली हात जाईल एवढी फट. बाकावर माणसं कागद छातीशी धरून बसलेली. 'नकला' अशी पाटी होती तिथे मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक काळा कोटवाला होता. आतून आवाज आला, "मागचं पान बघा. शुक्रवारीच तयार झालीय. आज आलात, तरी मोजायचं शुक्रवारपासून. समजलं? लिहून देऊ का?"

आवाज मी ओळखला. अकरा नंबरच्या वर्गात, दुसऱ्या बाकावरून तीन वर्षं तो मी ऐकला होता.

तीच होती, ताई. माझी पदकवाली. बंदी संपल्यावर ती वकिलीत परतलीच नव्हती. परीक्षा देऊन न्यायालयात कारकून झाली होती. केस आखूड कापलेत. हाताच्या अंगठ्याला शाई.

ती मला बघून दचकली नाही. "नक्कल हवीय?" म्हणाली.

"टिपण तू पाठवलंस?"

"हो."

"मी अध्यक्ष आहे हे माहीत होतं?"

"पेपरात आलं होतं."

"मग माझं नाव का नाही लिहिलंस त्यात?"

तिने माझ्याकडे बघितलं. जाळीतून माणसाचे डोळे नीट दिसत नाहीत. "पोरी चुकू नयेत म्हणून लिहिलं, मॅडम. तुम्ही काय करता ते बघायला नाही."

"आणि ते शेळ्यांचं वाक्य? ते तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचात. 'माझी वकील बहीण मला असं म्हणते.' सगळा वर्ग हसायचा." मग तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. "मॅडम, मागे रांग आहे."

मी बाजूला झाले. बाकावर जाऊन बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

आता सातवं पान. सांगते. तुझ्यापासून सहा वर्षं लपवलं, कारण मला वाटायचं की तुला ते माहीत आहे आणि तू योग्य वेळेची वाट बघतेयस. तुझी प्रत्येक शांतता मी तशीच वाचली.

पानावर एवढंच होतं: 'येत नसेल तर विचारावं, असं सांगतात. विचारलं होतं. चुकीचं सांगितलं गेलं. नंतर विचारल्याचंही नाकारलं गेलं. मुलींना हेही शिकवा, की उत्तर देणाऱ्याने पुस्तक उघडलं का ते बघावं.'

तिने मला फोन केला होता. भर दुपारी, मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. "मॅडम, नक्कल शुक्रवारी तयार होती, पण मी मंगळवारी नेली. कुठपर्यंतचे दिवस वजा धरू?" मी घास गिळला आणि म्हटलं, "हातात पडली तिथपर्यंत. मंगळवार धर." वीस सेकंद. पुस्तक माझ्या मागच्याच कपाटात होतं.

तिने मंगळवार धरला. बाईंचे काही जुने कागद मिळत नव्हते, म्हणून ती तिच्या हिशेबाने शेवटच्या दिवसापर्यंत थांबली. तू आक्षेप घेतलास तेव्हा त्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं, 'विलंब माफीचा अर्ज द्यायचाय का?' आठवतंय तुला? ती 'उशीर झालेलाच नाही' म्हणून अडून बसली. तुला ती उद्धट वाटली असेल. तिला खात्री होती. ती खात्री मी दिली होती.

आणि त्याहून वाईट पुढचं आहे. बाईंनी तिच्याविरुद्ध तक्रार केली. चौकशीत तिने सांगितलं, मी माझ्या प्राध्यापकांना विचारलं होतं. वकिलांच्या शिस्तपालन समितीने मला पत्र पाठवलं. मी उत्तर दिलं, 'संबंधित विद्यार्थिनीने मला याविषयी विचारल्याचे स्मरत नाही.'

स्मरत नाही. किती बेतून लिहिलेलं वाक्य! खोटंही ठरत नाही आणि खरंही नाही. निष्काळजी तर ती ठरलीच, वर खोटारडीही ठरली.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन करून म्हटलं, 'तू एका पोरीचं आयुष्य उद्ध्वस्त केलंस.' तू म्हणालीस, 'तो माझा अशील होता. ती तुझी विद्यार्थिनी होती.' मला वाटलं, हिला कळलंय. म्हणून फोन आपटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता खरंच तुला माहीत आहे. काय करायचं ते कर.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत मी जे करायचं ते करून टाकलं. तू सांगितलंस म्हणून केलं, असं तुला किंवा मला कधी वाटायला नको होतं. बघ, अजूनही माझं डोकं कसं चालतं.

शिस्तपालन समितीकडे प्रतिज्ञापत्र दिलं. फोनची वेळ, प्रश्न, माझं उत्तर, आणि 'स्मरत नाही' हे असत्य होतं, हे सगळं. शिक्का कुणापुढे घ्यायचा ते मला टिपणाचं पहिलं पान वाचून कळलं. त्यांनी जुनी चौकशी पुन्हा उघडली आहे. तिच्या नावावरचा खोटेपणाचा ठपका निघेल, असं तिथले सचिव म्हणाले. माझं काय, ते नंतर ठरेल.

मग बैठकीत सातवं पान वाटलं. न्यायाधीशांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद पालथा ठेवला. प्राचार्य लाल झाले.

"मॅडम, हे बाहेर गेलं तर पदवी सुरू व्हायच्या आधीच तिचं हसं होईल."

"बाहेर गेलंय. मीच दिलंय."

"निदान मला आधी विचारायचं!"

टायवाल्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा गाठ सैल केली. मला वाटलं, आता आपली मान कापतात. हाच क्षण ते धरून बसले असणार. ते म्हणाले, "माझ्या पहिल्या वर्षी मी एका म्हाताऱ्याची सही चुकीच्या कागदावर घेतली होती. वरिष्ठांनी ते स्वतःवर घेतलं. मला कुणी ओरडलंही नाही. आज मी इथे बसलोय तो त्यामुळे." मग माझ्याकडे वळून, "जिन्यात मी प्राचार्यांना हेच सांगत होतो, की आमच्याकडे येणाऱ्या मुलांना करार पाठ असतात, पण माणसाशी बोलता येत नाही. तुम्ही आलात, म्हणून थांबलो. तुमच्या मसुद्याबद्दल होतं ना."

दोन महिने त्या माणसाबद्दल मी काय काय रचलं होतं!

अध्यक्षपद गेलं. न्यायाधीश अध्यक्ष झाले. मी सदस्य उरले, तेही त्यांनी 'मसुदा यांच्याच हातून दुरुस्त होऊ दे' असा आग्रह धरला म्हणून. पन्नासातले अकरा विषय मी स्वतः खोडले. पहिल्याच वर्षी आता एक विषय आलाय, ज्यात मुलं वर्गात बसणारच नाहीत. प्रत्येक जोडीने एका अशिलाबरोबर पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत चालायचं. खिडकीवर, बोळात, बाकावर, जिथे तो जाईल तिथे. मुदत बोटांवर मोजायची आणि मग पुस्तकात बघायची. परीक्षा घेणार न्यायालयातले कारकून. प्राचार्य म्हणाले, "प्राध्यापकांनी शिकवलेल्या मुलांना कारकून गुण देणार?" न्यायाधीश म्हणाले, "मला त्यांनी चाळीस वर्षं दिलेत."

शिकवायला कुणाला बोलवायचं, तर सगळ्यांच्या मनात एकच नाव, माझ्या पदकवालीचं. मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "बघते." जाळी मध्ये नव्हती, जेवणाची सुट्टी होती, तरी तिने एवढंच सांगितलं.

हे पत्र बंद करत होते तेवढ्यात तुझं आलं. मला वाटलं शिव्या असतील. किंवा माफी, जी जास्त वाईट. तू एकच ओळ लिहिलीस: 'त्या शिवणाऱ्या बाई कुठे आहेत, ते विचारलंस का कुणाला?'

नाही, ताई. नाही विचारलं. एवढी पत्रं लिहिली, प्रतिज्ञापत्र लिहिलं, त्यात मी आहे, ती आहे, तू आहेस. ज्यांचं घर गेलं त्या 'अशील' एवढ्याच आहेत. तू त्यांच्या विरुद्ध बाजूला उभी होतीस, आणि तुलाच त्या आठवल्या.

धाकटी

१८ मार्च

ताई,

बाई सापडल्या. जुन्या फाइलीत भाचीचा पत्ता होता, भाचीने सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. खिडकीखाली यंत्र, भिंतीला कापलेले कपडे टांगलेले. दुकान नाही आता. तयार कपड्यांच्या बाह्या आखूड करून देतात, कडा दुमडून देतात. "नवं कुणी शिवून घेत नाही," म्हणाल्या. "आणि घेणारे इथवर येत नाहीत."

मी कोण ते सांगितलं. त्यांनी स्टूल पुढे केलं, पण यंत्र थांबवलं नाही. बोलायला काय हरकत, पण वेळ कशाला घालवायचा, अशा बेताने. मी सुरुवात केली. नक्कल, शुक्रवार, मंगळवार. मला भीती वाटत होती की त्यांना मुदतीचं गणित कळणार नाही आणि मला परत परत सांगावं लागेल. त्यांना लगेच कळलं. कापड कापणाऱ्या माणसाला चार बोटं इकडे तिकडे झाली तर काय होतं ते शिकवावं लागत नाही.

यंत्र थांबलं.

"म्हणजे तिला तुम्ही सांगितलं होतं?"

"हो."

"चुकीचं?"

"हो. आणि नंतर नाही म्हटलं."

मी शिव्यांची वाट बघत होते. त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे ती पोर विकली गेली नव्हती?"

मला कळेना.

"आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, मालकाने तुझ्या वकिलिणीला फितवलं. नाहीतर एवढी हुशार पोर, पदक घेतलेली, तारीख कशी चुकेल? मलाही तेच वाटलं. चुकली असती तर चुकले म्हणाली असती. ती तर उशीर झालाच नाही म्हणत होती. मी म्हटलं, हे शिकवून पाठवलेलं बोलणं आहे." त्यांनी बोटावरचं शिवणाचं टोपण काढलं आणि परत घातलं. "मी तिच्या घरी गेले होते. दारात उभं राहून बोलले, सगळा मजला बाहेर आला होता. तिच्या वडिलांनी हात जोडले. ती आतून बाहेर आली आणि म्हणाली, 'बाई, मी पैसे घेतले नाहीत.' मी थुंकले तिच्या उंबऱ्यावर."

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "घर गेल्याचं एवढं नाही. घरं जातात. पण ती रोज माझ्यासमोर बसायची, माझे कागद लावायची, मला नीट समजावून सांगायची. ती विकली गेली, तर मग कुणावर भरवसा ठेवायचा? तेव्हापासून मी कापड द्यायला येणाऱ्याचं मापसुद्धा दोनदा घेते."

"माझ्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा," मी म्हटलं. "तक्रार करायची असेल तर मी लिहून देते."

"तुमचं नंतर बघू." हे रागावून नाही, खरंच तसं म्हणाल्या, माझा क्रमांक मागे होता. "ती कुठे बसते?"

"न्यायालयात, तळमजल्यावर. नकलांची खिडकी. मी नेते तुम्हाला."

"नको. तुम्ही येऊ नका."

त्यांनी यंत्रावर फडकं टाकलं, केस सारखे केले, कुलूप घेतलं. मला बाहेर काढून दार लावलं आणि जिना उतरून गेल्या. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. खाली कुणीतरी सायकलीचं चाक फिरवून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पदकवालीने मला फोन करायची ही सहा वर्षांतली पहिलीच वेळ.

"मॅडम, बाई आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"ते आमच्या दोघींत राहू दे." मग थोड्या वेळाने, "खिडकी बंद होईपर्यंत बाकावर बसून होत्या. मग आम्ही त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. लांब आहे."

मी म्हटलं, माहीत आहे.

"ठपका काढल्याचं पत्र मिळालं. सनदेचा अर्ज भरतेय. लगेच वकिली करीन असं नाही. पण सनद हवीय."

"मी काही..."

"नाही. मीच भरतेय." मग तिचा आवाज बदलला, खिडकीतून येतो तसा झाला, स्वच्छ, कामाचा. "दुसरं म्हणजे तो विषय मी शिकवेन. पण पहिल्या तासाला माझंच प्रकरण सांगणार. कुणाचं काय चुकलं, सगळं. वडिलांचं आणि बाईंचं नाव घेणार नाही. माझं घेणार आणि तुमचं घेणार. दर वर्षी. चालेल का?"

ताई, पंधरा वर्षं मी मनात धरून होते, की या कॉलेजात अशी पदवी निघेल आणि तिच्या पहिल्याच दिवशी पोरांना माझं नाव सांगितलं जाईल.

मी 'चालेल' म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, आणि तिला वाटलं मी फोन ठेवला.

तुझी,
धाकटी